लाल पेशीचा जमाखर्च आणि खळ्यावरचा मजूर

नाशिकहून निफाडमार्गे येवल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर विंचूर लागते. पेशवाईतील सरदार विठ्ठल शिवदेव यांच्या घराण्याची जहागीर म्हणून या गावाचे नाव इतिहासात नोंदले गेले. आज त्याची ओळख कांद्याने आणि द्राक्षांनी दिली जाते. लासलगाव बाजार समितीचा उपबाजार येथे भरतो. उन्हाळ कांद्याची आवक सुरू झाली की व्यापाऱ्यांच्या खळ्यांवर दिवसभर प्रतवारी, गोण्या भरणे, त्या शिवणे आणि ट्रक लादणे ही कामे अखंड चालतात. या कामांसाठी, तसेच परिसरातील द्राक्षबागांच्या छाटणीसाठी आणि काढणीसाठी, सुरगाणा, पेठ, कळवण अशा आदिवासी भागांतून मजुरांच्या टोळ्या येतात. हंगाम संपला की त्या परततात.

वैशाखातील दुपारी, पत्र्याच्या शेडखाली, एखादा विशीतला मजूर गोणी खाली ठेवून मटकन बसतो. हाडे ठणकतात, पाठ धरते, सांधे सुजल्यासारखे वाटतात, डोळ्यांत पिवळसर झाक दिसते. मुकादम त्याला अंगचोर म्हणतो. दुसऱ्या दिवशी तो कामावर येत नाही आणि त्याची हजेरी कापली जाते. अशा प्रसंगी बहुतेक वेळा कारण साधा थकवा किंवा ऊन हेच असते. परंतु काही वेळा ते कारण त्या तरुणाच्या रक्तातील लाल पेशींच्या आवरणावर घडत असते, आणि तेथे त्याच्या इच्छेचा किंवा आळसाचा काहीही संबंध नसतो. त्या सूक्ष्म आवरणावर काय घडते, हे समजून घेणे हे खळ्याच्या मालकाचेही काम आहे.

आवरणावरील नाका

माणसाच्या शरीरात सुमारे २५ लाख कोटी लाल पेशी असतात. रक्ताच्या एका बारीकशा थेंबुकल्यात, म्हणजे एका घन मिलिमीटरमध्ये, त्यांची संख्या ५० लाखांच्या आसपास भरते. पेशीचा व्यास सात ते आठ मायक्रॉन, आकार दोन्ही बाजूंनी मधे दबलेल्या चकतीसारखा आणि आयुष्य सुमारे १२० दिवसांचे. पूर्ण वाढलेल्या मानवी लाल पेशीत केंद्रक नसते. तिच्या पोटात जवळजवळ सर्वत्र हिमोग्लोबिन ठासून भरलेले असते. फुप्फुसात प्राणवायू घ्यायचा आणि शरीरभर पोहोचवायचा, हा तिचा मुख्य व्यवसाय.

या पेशीभोवतीचे आवरण अतिशय पातळ, परंतु फार काटेकोर असते. व्यापारी वाचकांना जुन्या काळचा जकात नाका आठवत असेल. कोणता माल आत येतो आणि कोणता बाहेर जातो, याची तेथे नोंद होई. पेशीचे आवरण हा तसाच नाका आहे आणि त्यावरून ये-जा करणारा माल म्हणजे विद्युत्भार असलेले क्षारांचे कण, अर्थात आयन. पेशीबाहेरील द्रवात सोडियम भरपूर, तर पेशीच्या आत पोटॅशियम भरपूर. बाहेरचे सोडियम आतल्यापेक्षा दहापटींहून अधिक असते आणि आतले पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा वीस ते तीस पटींनी अधिक असते.

ही तफावत आपोआप टिकत नाही. आवरणातून दोन्ही क्षार थोडेथोडे पाझरतच असतात. म्हणून आवरणात बसवलेला एक प्रथिनरूपी पंप अहोरात्र काम करतो. प्रत्येक फेरीत तो सोडियमचे तीन आयन बाहेर टाकतो, पोटॅशियमचे दोन आयन आत घेतो आणि त्यासाठी एटीपी या ऊर्जाकणाचा एक रेणू खर्ची पडतो. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ येन्स स्कू यांनी १९५७ साली खेकड्याच्या मज्जातंतूंवर प्रयोग करून हा पंप ओळखला. या कार्यासाठी त्यांना १९९७ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

क्षारांचा हा हिशेब एवढा महत्त्वाचा का, याचे उत्तर पाण्यात आहे. पाणी क्षारांच्या मागे जाते. पेशीत क्षार वाढले तर पाणी आत शिरून ती फुगते, क्षार घटले तर पाणी बाहेर पडून ती आक्रसते. फुगलेली पेशी फुटते आणि आक्रसलेली पेशी कडक होते. आपल्या व्यासापेक्षाही अरुंद अशा केशवाहिनीतून अंग दुमडून पलीकडे जाण्याची तिची लवचीकता या एका शिलकेवर अवलंबून असते.

कॅल्शियमची किल्ली

सोडियम आणि पोटॅशियम यांच्याखेरीज तिसरा क्षार येथे निर्णायक ठरतो, तो म्हणजे कॅल्शियम. निरोगी लाल पेशीच्या आत मुक्त कॅल्शियम अगदी नगण्य असते. बाहेरच्या तुलनेत ते सुमारे दहा हजारपटींनी कमी असते. कॅल्शियम बाहेर फेकणारा स्वतंत्र पंप त्यासाठी सतत राबतो. हंगेरीचे शास्त्रज्ञ ग्योर्गी गार्दोश यांनी १९५८ साली असे दाखवून दिले की, लाल पेशीतील ऊर्जा संपली आणि तिच्या आत कॅल्शियम शिरले, तर तिच्यातील पोटॅशियम झपाट्याने बाहेर पडते. पुढे असे स्पष्ट झाले की, आवरणात पोटॅशियमसाठी एक खास दार असते आणि कॅल्शियम ही त्या दाराची किल्ली असते. किल्ली फिरली की पोटॅशियम बाहेर, त्यामागून क्लोराइड बाहेर आणि त्यामागून पाणीही बाहेर. आजही ते दार 'गार्दोश मार्ग' या नावाने ओळखले जाते.

आता प्रश्न असा की, ही दारे उघडण्याचा किंवा मिटण्याचा हुकूम कोण देतो. काही वेळा पेशीवरील ताण, तर काही वेळा रक्तातून वाहत येणारे रासायनिक दूत. ग्रंथींतून निघणारी संप्रेरके, रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून स्रवणारी द्रव्ये, सूज आलेल्या ठिकाणी तयार होणारी द्रव्ये, ही सर्व या दूतांच्या वर्गात मोडतात. असा दूत सहसा पेशीत शिरत नाही. आवरणावरील ठरावीक ग्राहक प्रथिनाला तो चिकटतो आणि निरोप देतो. मग आतल्या बाजूला दुय्यम दूत तयार होतात आणि त्यांच्यामार्फत एखादा पंप वेग घेतो, एखादे दार उघडते किंवा बंद होते. पेढीवर न येता मालकाने चिठ्ठी धाडावी आणि मुनिमाने व्यवहार पुरा करावा, तसाच हा प्रकार.

निसर्गात याचे सुंदर उदाहरण ट्राउट या थंड पाण्यातील माशात आढळते. पाण्यातला प्राणवायू घटला किंवा माशाला जिवाच्या आकांताने पळावे लागले की त्याच्या रक्तात अॅड्रेनालीन वर्गातील संप्रेरके वाढतात. ती लाल पेशीवरील ग्राहकाला चिकटताच सोडियम आत घेऊन आम्लाचा आयन बाहेर टाकणारे दार उघडते. पेशीच्या आतील आम्लता कमी होते आणि हिमोग्लोबिन अधिक प्राणवायू धरून ठेवू शकते. संकटकाळी क्षारांची अशी देवघेव त्या माशाचा जीव वाचवते. माणसाच्या लाल पेशीने केंद्रक गमावले असले तरी दूतांचे ऐकणारे काही ग्राहक तिच्यावर अजून शिल्लक आहेत. निरोगी माणसात त्यांचा परिणाम सौम्य असतो. एका आजारात मात्र हेच निरोप घातक ठरतात.

एका अक्षराची चूक

तो आजार म्हणजे सिकलसेल. सिकल म्हणजे विळा. १९१० साली शिकागो येथील डॉक्टर जेम्स हेरिक यांनी एका तरुण रुग्णाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या लाल पेशी पाहिल्याचे प्रसिद्ध केले. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रुग्णांचे हिमोग्लोबिनच वेगळे असल्याचे सिद्ध करून याला रेणूचा आजार असे संबोधले. त्यानंतर काही वर्षांतच व्हर्नन इनग्रॅम यांनी नेमकी चूक शोधली. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसते. लांबलचक दस्तऐवजात एकच अक्षर चुकावे आणि त्याचा अर्थच पालटावा, तसे हे घडते.

या बदललेल्या हिमोग्लोबिनने प्राणवायू सोडला की त्याचे रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांचे लांब ताठ धागे बनतात आणि पेशी विळ्यासारखी वाकडी व कडक होते. परंतु धागे तयार होण्यास थोडा वेळ लागतो. केशवाहिनीतून पेशी साधारण एका सेकंदात पार होते. धागे बनण्यापूर्वी ती पलीकडे गेली आणि पुन्हा फुप्फुसात पोहोचली, तर संकट टळते. हा वेळ कशावर ठरतो? पेशीतील हिमोग्लोबिन किती दाट आहे, यावर. पेशीतील पाणी किंचितही घटले आणि हिमोग्लोबिन थोडेसे दाट झाले, तरी धागे बनण्याचा वेळ अनेक पटींनी कमी होतो.

येथेच क्षारांचा जमाखर्च आणि रासायनिक दूत यांची गाठ पडते. धाग्यांनी ताणलेले आवरण गळू लागते, त्यातून कॅल्शियम आत शिरते आणि गार्दोश मार्ग उघडतो. पोटॅशियम व पाणी बाहेर पडते, हिमोग्लोबिन दाटते आणि पुढच्या फेरीत पेशी अधिक लवकर वाकडी होते. चक्रवाढ व्याजाप्रमाणे ही तूट प्रत्येक फेरीत वाढत जाते. शेवटी अशा पेशी केशवाहिन्यांत अडकतात, पलीकडच्या हाडाला, स्नायूला किंवा अवयवाला प्राणवायू मिळत नाही आणि असह्य वेदना सुरू होतात. निरोगी लाल पेशी १२० दिवस जगते, तर सिकल झालेली पेशी दहा ते वीस दिवसांतच नष्ट होते. डोळ्यांतील पिवळेपणा आणि कायमचा पंडुरोग यांचे कारण हेच.

रक्तवाहिनीच्या अस्तरातून स्रवणारा एंडोथेलिन हा दूत जपानी शास्त्रज्ञांनी १९८८ साली शोधला. रक्तवाहिनी आकुंचित करण्याची त्याची ताकद विलक्षण आहे. सिकलसेलच्या वेदनाकाळात रक्तातील त्याचे प्रमाण वाढलेले आढळते. अमेरिकेतील बोस्टन येथील संशोधकांनी प्रयोगशाळेत असे दाखवले की, हाच दूत सिकल पेशीवरील ग्राहकाला चिकटून गार्दोश मार्गाला अधिक चालना देतो. म्हणजे एकच दूत एकीकडे वाट अरुंद करतो आणि दुसरीकडे त्या वाटेने जाणाऱ्या पेशीतील पाणी काढून तिला ताठ करतो. सूज व संसर्ग यांच्या वेळी तयार होणारे प्रोस्टाग्लँडिन ई-२ हेही लाल पेशीत कॅल्शियमला वाट करून देते. साधा ताप, उन्हाने सुकलेले शरीर, अंगात भरलेली थंडी अथवा अतिश्रम, एवढ्या निमित्ताने वेदनेचा झटका का येतो, याचा उलगडा यातून होतो.

या ज्ञानातून औषधांचेही प्रयत्न झाले. गजकर्णावर लावण्याच्या मलमामुळे घरोघरी परिचित असलेले क्लोट्रिमॅझोल हे द्रव्य गार्दोश मार्ग रोखते, असे आढळले. पुढे याच तत्त्वावर सेनिकापॉक हे औषध तयार झाले. त्याच्या चाचण्यांत पेशींचा नाश घटला, रक्तातील हिमोग्लोबिन वाढले, परंतु वेदनेच्या झटक्यांची संख्या कमी झाली नाही आणि ती चाचणी थांबवावी लागली. एक दार बंद केले तरी व्यवहाराच्या इतर वाटा उरतात, हा धडा त्यातून मिळाला. सध्या सर्वाधिक उपयोगी ठरलेले औषध हायड्रॉक्सियुरिया हे वेगळ्या मार्गाने काम करते. ते गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवते आणि त्यामुळे धागे बनण्यास अडथळा येतो. हे औषध वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाचे असते.

मळ्यांपासून खळ्यांपर्यंत

भारतात या आजाराची नोंद १९५२ साली झाली. त्या वर्षी लेहमन आणि कटबुश यांनी निलगिरीतील आदिवासींमध्ये, तर डनलॉप आणि मजुमदार यांनी वरच्या आसामातील चहामळ्यांत काम करणाऱ्या मजुरांमध्ये सिकलसेल आढळल्याचे प्रसिद्ध केले. या दुसऱ्या नोंदीतील रुग्ण घरदार सोडून दूरच्या मळ्यात राबायला आलेली माणसे होती, ही गोष्ट विंचूरच्या वाचकाला विचारात पाडणारी आहे.

महाराष्ट्रात हा आजार मुख्यतः भिल्ल, पावरा, गोंड, माडिया, परधान अशा आदिवासी जमातींत, तसेच विदर्भातील काही अनुसूचित जाती व मागास समाजांत आढळतो. नंदुरबार आणि गडचिरोली हे जिल्हे त्यासाठी विशेष ओळखले जातात आणि नाशिकचा आदिवासी पट्टाही त्यापासून मुक्त नाही. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारात असलेली राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था या विषयावर दीर्घकाळ संशोधन करीत असून, तिचे एक केंद्र चंद्रपूर येथे आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा आरंभ झाला. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करणे आणि २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून नाहीसा करणे, हे तिचे उद्दिष्ट आहे.

आजार संसर्गाने पसरत नाही. तो केवळ आईवडिलांकडून येतो. ज्याला एकाच पालकाकडून सदोष जनुक मिळतो तो वाहक. वाहक सामान्यतः निरोगी आयुष्य जगतो, मात्र अतितीव्र श्रम आणि शरीरातील पाणी संपणे यांपासून त्यालाही जपावे लागते. पतिपत्नी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्यास आजार होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्णतः निर्दोष असण्याची २५ टक्के असते. म्हणून विवाहापूर्वी केलेली एक साधी रक्ततपासणी पुढच्या पिढीचे दुःख टाळू शकते.

मालकाच्या हाती काय आहे

विंचूर-लासलगावच्या परिसरात दोन काळ विशेष जोखमीचे आहेत. एक उन्हाळा, ज्यावेळी खळी भरलेली असतात आणि घामाने शरीर सुकते. दुसरा हिवाळा. निफाड तालुक्याचा पारा राज्यातील नीचांकी तापमानांसाठी प्रसिद्ध आहे आणि त्याच गारठ्यात पहाटे द्राक्षबागांची कामे सुरू होतात. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि वर वर्णन केलेले चक्र फिरू लागते. मजुराच्या पेशीतील क्षारांच्या दारांवर मालकाचा ताबा नाही. परंतु ती दारे कोणत्या परिस्थितीत उघडतात, ती परिस्थिती बऱ्याच अंशी मालकाच्या हातात असते.

खळ्यावर सावलीच्या जागी स्वच्छ पिण्याच्या पाण्याचे पिंप ठेवणे आणि पाणी पिण्यासाठी उठणाऱ्याला न हटकणे, हा पहिला उपाय. भर दुपारी एक-दोन तासांची सुटी देऊन काम सकाळ-संध्याकाळ वाटून घेणे, हा दुसरा. हिवाळ्यात मुक्कामी मजुरांना कांबळी आणि आंघोळीस ऊन पाणी मिळेल अशी सोय, हा तिसरा. यासाठी येणारा खर्च एका ट्रकच्या भाड्याच्या तुलनेत किरकोळ आहे. ज्याला वारंवार हाडांचे दुखणे, पिवळेपणा किंवा थकवा येतो, त्याला अंगचोर ठरवण्यापूर्वी जवळच्या सरकारी रुग्णालयात रक्ततपासणीसाठी पाठवावे. प्राथमिक चाचणी अगदी थोड्या रक्तात होते. तीत संशय आला तर पुढील तपासणीने तो वाहक आहे की रुग्ण, हे निश्चित होते.

ज्ञात रुग्णास ताप, छातीत दुखणे, धाप लागणे, अचानक अंगाची एक बाजू लुळी पडणे किंवा न थांबणाऱ्या वेदना, यांपैकी काहीही झाले तर घरगुती उपचारात वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तपासणीचा निकाल ही त्या माणसाची खाजगी बाब आहे. तो चारचौघांत उघड करणे किंवा त्यावरून काम नाकारणे अन्यायाचे होईल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आजाराचा समावेश आहे आणि प्रमाणपत्राच्या आधारे रुग्णाला सवलती मिळू शकतात. मुकादमाला आणि दिवाणजीला एवढी माहिती असली, तरी एखाद्या कुटुंबाचे हेलपाटे वाचतील. वजनी कामाऐवजी प्रतवारी, मोजणी किंवा नोंदी ठेवण्याचे काम देता आले, तर रुग्णाची रोजीही टिकते.

जैन परंपरेने सांगितलेल्या चार दानांत औषधदान आणि अभयदान यांना मोठे स्थान आहे. पर्युषणात आणि महावीर जयंतीस गावोगावी रक्तदान शिबिरे होतात. रक्ताची गरज असलेल्या सिकलसेल रुग्णांना त्या रक्ताचा थेट लाभ होतो. त्याच मांडवात सरकारी आरोग्य यंत्रणेच्या साह्याने मजुरांसाठी सिकलसेल तपासणीचे एक टेबल लावता येईल. आपल्या मालाची चढउतार करणाऱ्या माणसांच्या रक्ताची चिंता वाहणे, हे पुण्याचे काम तर आहेच, पण व्यवहारातील देणेही आहे. सूक्ष्म जीवाला इजा होऊ नये म्हणून पाणी गाळून पिणाऱ्या समाजाने, खळ्यावरच्या माणसाला पुरेसे पाणी मिळते की नाही, हे येत्या हंगामात जाऊन पाहावे.